लसीबाबत, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी,
पावसाळा तोंडावर आला की फ्लूच्या लसीचं विचारणं सुरू होतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

लस टोचली म्हणजे सुटलो, असं आपल्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटच्या बाबतीत धरू नका. अँटिबॉडी तयार होतात बी पेशींच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घराण्यातून, आणि सीएलएल (एक प्रकारचा ल्युकेमिया), बहुतेक लिम्फोमा आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरांत तेच घराणं बिघडलेलं असतं. त्यात रिटुक्सिमॅब (बी पेशी मारणारं औषध) चालू असेल तर बी पेशी जवळपास उरतच नाहीत. या औषधाच्या शेवटच्या डोसनंतर साधारण ६ महिने लस नीट लागू पडत नाही. नवीन पेशंट असेल तर केमोच्या निदान २ आठवडे आधी लस होते का ते विचारा. तरी 'मग घ्यायचीच कशाला' म्हणू नका, टी पेशी (संरक्षण करणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) थोडीफार साथ देतात.

फ्लू-न्यूमोनियाची इंजेक्शनं चालतात. गोवर, कांजिण्या, नाकात मारायची फ्लूची लस उपचार चालू असताना नको, त्यात जिवंत विषाणू असतो. पोलिओच्या थेंबांतही असतो आणि तो बाळाच्या शीतून बाहेर पडतो. नातवाला थेंब पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाजलेच असतील तर पेशंट आजीला लंगोट बदलायला लावू नका.

घरच्यांनीही फ्लूची लस घ्या. बोन मॅरो ट्रान्सप्लांटवाल्यांचं लसींचं वेळापत्रक वेगळं असतं.

बीड-परभणी-हिंगोलीहून तपासणीला संभाजीनगरला जाणाऱ्यांनो, लसीचं कार्ड फाईलीतच ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला तर लस झालेली असली तरी क्रोसिन खाऊन घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.