स्थलांतरितांना ‘लोंढे’ म्हणू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आफ्रिकेतून युरोपकडे निघालेल्या लोकांविषयी बातमी आली होती. मजकूर समतोल होता. मथळ्यात मात्र ‘लोंढे’ हा शब्द होता आणि तो मला फार लागला.

मी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालवतो. माझे आजोबा करीमनगरकडून मागाच्या कामासाठी इथे आले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत मनीऑर्डरच्या पोचपावत्या अजून सुतळीने बांधून ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर गावाकडे राहिलेल्या पणजीचा निळा अंगठा उमटलेला आहे. त्या काळी आमच्या माणसांनाही इथे कुणीकुणी लोंढाच म्हणत असे, हे आजोबा शेवटपर्यंत विसरले नाहीत.

आफ्रिकेतले सगळे युरोपलाच निघाले आहेत, असा समज अशा मथळ्यांतून होतो. प्रत्यक्षात २०२० साली सुमारे २ कोटी १० लाख आफ्रिकी माणसे आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात राहत होती. युरोपात राहणारी सुमारे १ कोटी १० लाख होती. बुर्किना फासोचा मजूर आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या मळ्यात जातो, मोझांबिक आणि लेसोथोची माणसे पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत उतरत आली आहेत. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत परगावी गेलेल्यांनी २०२३ साली सुमारे ५४ अब्ज डॉलर घरी पाठवले, आणि हे पैसे पोहोचवण्याचा खर्च जगात सर्वाधिक तिथेच आहे : त्या वर्षी शंभरामागे सात-आठ डॉलर वाटेतच गेले. पणजीच्या अंगठ्यामागचा हिशेब ज्याने पाहिला आहे, त्याला ही कपात किती जिव्हारी लागते हे वेगळे सांगावे लागत नाही.

समुद्रात जीव गमावणाऱ्यांचे दुःख मी कमी लेखत नाही. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ साडेतीनशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांतील बहुतेक इरिट्रियाची होती, जिथे सक्तीच्या लष्करी सेवेला मुदतच नाही. अशा माणसांच्या बातमीत ती कशापासून पळत होती, हे एका ओळीत तरी यायला हवे.

शिक्षण आणि नोकरीसाठी रीतसर व्हिसा घेऊन जाणाऱ्यांची बाजू तर बातम्यांत क्वचितच येते. नायजेरियात परदेशी निघून जाण्याला ‘जापा’ असा योरुबा भाषेतला शब्द रूढ झाला आहे आणि त्यात डॉक्टर, परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आरोग्य कर्मचाऱ्यांची तीव्र टंचाई असलेल्या ५५ देशांची यादी काढली. त्यांतील ३७ आफ्रिका विभागातले आहेत. म्हणजे ज्यांना युरोपात ‘ओझे’ म्हटले जाते, त्यांच्याच जाण्याने तिकडची रुग्णालये ओस पडत आहेत.

यापुढे मथळ्यात ‘स्थलांतरित’ हा शब्द वापरावा, आणि जाणारा माणूस कोणत्या देशातून, कोणत्या कामासाठी निघाला हे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच द्यावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक यंत्रमागधारक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर