वाडी विकू नका

बांतुल, योग्याकार्ता, इंडोनेशिया
जुलै, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. आमच्याकडची रेंज गेली की बाबांनी रागाने फोन ठेवला, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून लिहून पाठवते. दादाला सांगा, मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून देईल.

बाबा, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. वसईची रस्त्याकडची वाडी त्या बिल्डरला देऊन टाकायची, दादाचा वाटा दादाला, आणि माझ्या पैशातून मी इथे स्वतःच्या नावावर जमीन घ्यायची. "परमुलखात बाईच्या नावावर काहीतरी पाहिजे." आणि मागून आईचा आवाज, "रात्री कडी लावतेस ना गं बाय?"

आधी जमिनीचं सांगते. इथे माझ्या नावावर जमीन होतच नाही. 1960 च्या इथल्या जमीन कायद्यात पूर्ण मालकीला 'हाक मिलिक' म्हणतात. (हक्क आणि मिळकत! अरबीतले हे शब्द आपल्याकडेही आले, इथेही आले, त्यामुळे मला पहिल्याच दिवशी अर्थ लागला.) ही मालकी माणसाच्या नावावर होते ती फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाच्या. मला फार तर मुदतीचा वापरहक्क मिळेल. नागरिकत्व घ्यायचं तर भारताचं सोडावं लागतं, आणि ते मी सोडणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, पण माझ्यामुळे जावईबापूंचीसुद्धा अडचण झाली होती. 2014 मध्ये आम्ही लग्न केलं तेव्हा मिळकत वेगळी ठेवण्याचा करार केला नव्हता. कोणाला सुचतंय तेव्हा! तो करार नसला की लग्नानंतर घेतलेलं सगळं दोघांचं, आणि दोघांतली एक परदेशी, म्हणून त्यांनाही मालकीची जमीन घेता येईना. ज्या अंगणात त्यांची वार पुरलेली आहे (मूल जन्मलं की इथे वार घराशेजारी पुरतात आणि वर दिवा लावतात) त्याला लागूनचा मामांचा तुकडा त्यांना दोन वर्षं घेता आला नाही. मामा थांबले, दुसऱ्या कोणाला विकला नाही. मग ऑक्टोबर 2016 मध्ये इथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला की असा करार लग्नानंतरही करता येतो. आम्ही लगेच नोटरीकडे गेलो. सासूबाईंना कळेना, आपला मुलगा आणि सून 'तुझं ते तुझं, माझं ते माझं' असं स्टॅम्पपेपरवर का लिहून देतायत. दोन दिवस त्या मला जास्तीची भाजी वाढत होत्या. त्यांना वाटलं, आमचं मोडलं.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय: त्यांना काही झालं तर? अशी मालकी वारशाने परदेशी माणसाकडे आली तर ती वर्षाच्या आत दुसऱ्याकडे द्यावी लागते. म्हणजे जमीन मुलाकडे जाईल. तो इथला नागरिक आहे. मला मुलाच्या अंगणात राहायचं आहे, तुम्ही आज दादाच्या नावावरच्या घरात राहता तसं. तुमची तक्रार मी अजून ऐकली नाही.

मग तो तुकडा घेताना मोजणी झाली, तो दिवस मात्र तुम्ही बघायला हवा होता. चारही बाजूंचे शेजारी सकाळी सातला आपापल्या कोपऱ्यात हजर. हद्द दोघांनी मिळून दाखवायची, खुंटी दोघांसमोर ठोकायची, मग सह्या. उत्तरेच्या आजीबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी अंगठा उठवला आणि तोच निळा अंगठा आमच्या फणसाच्या खोडाला पुसला. म्हणाल्या, फांद्या माझ्याकडे येतात, फणस अर्धे माझे. हे कागदावर कुठेच नाही, पण दरवर्षी अर्धे फणस त्यांच्याकडे जातात. त्या वेळी मला आपला बांध आठवला. काकांशी तुमची केस सुरू झाली तेव्हा मी सातवीत होते.

इथे सगळं सोज्वळ आहे असं समजू नका. भावाभावांची भांडणं इथेही आहेत. गावच्या दप्तरात आजोबांचं नाव, सर्टिफिकेट कोणी काढलेलं नाही आणि वारस अकरा, असे तुकडे आमच्याच वस्तीत चार आहेत. गावच्या अधिकाऱ्यांना पगाराच्या जोडीला कसायला जमीन देण्याची पद्धतही अजून आहे, आपल्याकडच्या वतनासारखी, आणि वतनावरून जे होतं ते इथेही होतं.

आता आईची कडी. लावते गं. पण कडीपेक्षा भिंतीवरच्या पेल्याचा आधार जास्त आहे. आमच्या दाराशेजारी खिळ्याला पाण्याचा प्लास्टिकचा पेला टांगलेला आहे. झोपण्याआधी त्यात पाचशे रुपियाचं नाणं टाकायचं, म्हणजे आपले अडीच-तीन रुपये. पूर्वी चिमूटभर तांदूळ टाकत, म्हणून नाव 'जिंपितान', चिमटीतलं. रात्री गस्तीची माणसं घरोघरचं नाणं काढून वहीत खूण करतात. गस्तीला 'रोंडा' म्हणतात. हा शब्द बहुतेक आपल्या वसईच्या फिरंग्यांचाच, पोर्तुगीजांचाच असावा, आपल्याकडच्यासारखेच ते इथवरही येऊन गेले. जावईबापूंची पाळी शनिवारी असते. हल्ली रात्री गार पडतं, म्हणून मी थर्मासमध्ये आल्याचा चहा देते. पाच जण चौकीत बसतात, निम्मा वेळ पत्ते खेळतात, निम्मा वेळ फिरतात. पैशातून खुर्च्या, मांडव, मयताच्या घरी लागणारी भांडी घेतात.

मागच्या वर्षी मला डेंगू झाला आणि आम्ही चार दिवस दवाखान्यात होतो. तिसऱ्या रात्री पेला रिकामा दिसला म्हणून सासूबाईंचं दार वाजलं: सून बरी आहे ना? वसईत वॉचमन ठेवला, कॅमेरे लावले, तुम्ही तापाने पडलात तेव्हा कोणाला कळलं? मी टोमणा मारत नाही. विचारतेय.

चौकीत लाकडाचा पोकळ ठोकळा टांगलेला असतो, 'केंतोंगान'. आमच्या चौकीतल्या पाटीवर लिहिलंय, दोन-दोन ठोके म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग. मार्चमध्ये रात्री दोनला दोन-दोनचे ठोके पडले. मी खिडकीतून बघितलं. मिनिटभरात रस्ता माणसांनी भरला. रोज हात जोडून 'मोंगो, मोंगो' म्हणणारी माणसं, हातात बांबू. मोटारसायकल ढकलत नेताना एक पोरगा सापडला होता, सतरा-अठराचा असेल. आमच्या अंगणात त्याची एक चप्पल पडली होती. वस्तीप्रमुख आणि जावईबापू मध्ये उभे राहिले, पोलीस येईपर्यंत. जावईबापूंच्या खांद्यावर एक बांबू बसला, तो शेजाऱ्याचाच. पोरगा वाचला. ते दोघं नसते तर वाचला नसता, हे मला माहीत आहे, गावालाही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी कोणी त्यावर बोललं नाही. चप्पल मी तीन दिवस तिथेच ठेवली, उचलवेना. म्हणजे आई, जे मला सांभाळतं तेच असंही वागतं. तुला खोटं सांगून काय उपयोग.

शहराच्या बाजूला रात्री पोरांच्या टोळ्या मोटारसायकलवरून धारदार हत्यारं घेऊन फिरतात, त्याला 'क्लिथिह' म्हणतात. त्याच्या बातम्या तुमच्यापर्यंत आल्याच असतील. आम्ही दहाच्या आत घरी येतो.

आणि घर पडणार नाही ना, हेही तू विचारलंस. 27 मे 2006 ला पहाटे बांतुलला भूकंप झाला, 6.3 चा, 5,700 हून जास्त माणसं गेली. बरीचशी स्वतःच्याच विटांच्या भिंतींखाली. सासूबाईंचं जुनं लाकडी घर एका अंगावर कललं पण उभं राहिलं, शेजारचं नवं पक्कं घर बसलं. आम्ही मिस्साला जातो ते गांजुरानचं देऊळही तेव्हाच पडलं. आता जावानी मांडवासारखं उघडं, लाकडी खांबांचं बांधलंय, आणि अंगणात येशू जावाच्या राजाच्या वेषात बसलेला आहे. बाबा, तुम्हाला तो बघून आधी धक्का बसेल, मग आवडेल. आमच्या घराला कोपऱ्याकोपऱ्यात सळईचे खांब आहेत, पायात आणि माथ्यावर पट्टा आहे. गवंड्याने पट्ट्याची सळई अर्धवट वाकवली होती, सासऱ्यांनी सगळी परत सोडवून घेतली. त्यांनी 2006 मध्ये माणसं बाहेर काढलीत, ते कोणाचं ऐकत नाहीत.

तर बाबा, वाडी विकू नका. माझ्यासाठी तर मुळीच नको. त्या बिल्डरने शेजारचं बावखलाचं तळं बुजवलं, त्यानंतर आपल्या विहिरीचं पाणी कसं झालंय ते तुम्हीच मला सांगितलंत. माझा वाटा आहे तसा केळीखाली राहू दे. वारसाने शेतजमीन मला तिथे ठेवता येते, वकिलांना विचारलंय. फक्त सातबाऱ्यावर काकांचं नाव अजून का आहे, ते तलाठ्याकडून लिहून घ्या आणि मला फोटो पाठवा. तोंडी नको.

डिसेंबरात याच. आलात की चोवीस तासांत तुमच्या पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन वस्तीप्रमुखाकडे नोंद करावी लागेल, नाक्यावर तशी पाटीच आहे. बाबांनी तिथे वाद घालायचा नाही. आमचा वस्तीप्रमुख सायकली दुरुस्त करतो, या कामाचा त्याला पगार नाही, आणि तो दोन तास बसवून चहा पाजतो. गुडघे दुखत असतील तर आईला खुर्ची लागेल, बाकी सगळे चटईवर बसतात.

येताना सुकेळी आणा. इथे सुकवलेली केळी मिळतात, पण धुराचा वास येतो. सासूबाई मला खोबऱ्याची 'गेप्लाक' देतात आणि म्हणतात, तुझ्या आईच्या वडीसारखीच आहे ना? मी हो म्हणते. तुझी वडी त्यांना खायला घातली की माझं खोटं उघडं पडेल, तेवढी तयारी ठेवून ये.

तुमची,
बाय