खिचडीच्या रांगेआधी साबण हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन शाळाशाळांत साजरा होतो. साबणाच्या नव्या वड्या येतात, फोटो निघतात, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप गटावर जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यातल्याच एखाद्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत डोकावावे. घंटा होताच सगळी शाळा दोन नळांवर तुटून पडते. उजव्या हाताची बोटे धारेखाली धरायची, हात चड्डीला पुसायचा आणि ताटली घेऊन खिचडीच्या रांगेत उभे राहायचे. साबणाचा पत्ता नसतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "ठेवला की मुले पळवतात."

मुलांना सवय नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मी वर्षानुवर्षे पहिली-दुसरीला शिकवले आहे. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखे, मनगट हे सगळे पहिलीचे पोरही न चुकता करून दाखवते. पण नळाशी साबणच नसेल तर त्याने करायचे काय?

जुलाब, टायफॉइड, अ प्रकारची कावीळ हे आजार अस्वच्छ हातांवाटेही पोटात जातात. साबणाने हात धुण्यावर भर दिला की मुलांमधील जुलाबाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. जंतांचेही तसेच. जंतनाशक दिनी १ ते १९ वयोगटाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते, तिने पोटातले जंत मरतात. पुन्हा होणारी लागण ती थांबवत नाही. सुतासारख्या बारीक पांढऱ्या कृमींची मादी रात्री गुदद्वाराशी अंडी घालते. खाज सुटते, पोर झोपेत खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी तेच बोट तोंडात जाते. शेजारी निजलेले भावंडही सुटत नाही. नखे कापणे आणि साबण यांना इथे पर्याय नाही. कोरोनाकाळात आलेल्या सॅनिटायझरचा मातीने माखलेल्या हातांवर फारसा उपयोग होत नाही.

पैशांची सबब पटत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळांना मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी वापरण्याची सूचना आहे. त्यातून झाडू आणि फिनेल येते, तसा साबणही यावा. पळवला जाण्याची भीती असेल तर कांद्याच्या जाळीत घालून तो नळाला बांधावा. हात धुवायला जेवणाआधी दहा मिनिटे मोकळी सोडावीत. घाईत कुणीच नीट हात धूत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांनीही बैठकीत हा विषय लावून धरावा.

शालेय पोषण आहार वाटण्याआधी शिक्षक खिचडी चाखून पाहतात आणि चव नोंदवहीत तसे लिहितात. त्याच वहीत 'नळाशी साबण होता का?' असा एक रकाना वाढवावा आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी नळापाशी जाऊन मगच सही करावी. आपल्या दैनिकाने ही मागणी शिक्षण विभागापर्यंत पोचवावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा