सामुराईला साटीन नको

मा. संपादक,

स्नेहसंमेलनं आणि एकांकिका स्पर्धांचा हंगाम आला की मुंबईच्या रंगमंचावर सामुराई दिसू लागतात. अंगात चकचकीत साटीनचा झगा, पाठीला चेन, कमरेला पट्टा. भाड्याने पोशाख देणाऱ्या ड्रेपरीवाल्यांनी मनावर घेतलं तर खरा पोशाख तेवढ्याच खर्चात शिवता येईल.

जपानी थान साधारण ३६-३७ सेंटिमीटर पन्ह्याचं, १२ मीटर लांब. किमोनोचे काप सगळे सरळ, मुंढ्याला गोलाई नाही. मंगळदास मार्केटमधलं ४४ इंची सुती कापड उभं तीन भागांत फाडलं की साडेचौदा इंची पट्टी, म्हणजे जवळपास तोच पन्हा मिळतो! ४ मीटरमध्ये एक किमोनो होतो. कापड आधी रात्रभर भिजवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या आखडतात. फाडलेल्या कडेला किनार नसते, तिथे इंटरलॉक हवंच.

खरी परीक्षा हाकामाची, म्हणजे किमोनोवरून कमरेला नेसायच्या चुणीदार, घेरदार विजारीची. पुढे ५ चुण्या, मागे कमरेवर ताठ पाटी. आपल्याकडे तिथे जाड बकरम चालतं. साटीनमध्ये चुणी टिकत नाही, पहिल्याच बैठकीत मोडते. जाड सुती किंवा लिनन घ्या आणि प्रत्येक चुणीच्या आतल्या कडेवर बारीक टीप मारा, म्हणजे धुतल्यावरही घडी जागेवर येते. नेसताना आधी पुढचे बंद कमरेभोवती फिरवून मागे बांधायचे, मग मागची पाटी ओबीच्या, म्हणजे किमोनोवर बांधलेल्या कमरपट्ट्याच्या, गाठीवर टेकवायची. गाठच नसेल तर पाटीला आधार राहत नाही आणि तलवार उपसताना हाकामा घसरतो. किमोनोचा डावा पदर नेहमी वर; उजवा वर घेतात तो मृताला.

एदो काळातला (सतरावं ते एकोणिसावं शतक) सामुराईचा दरबारी पोशाख, कामिशिमो, हेम्प-रॅमीसारख्या खरखरीत धाग्याचा असे. त्यावरचे ठिपके इतके बारीक की चार हातांवरून कापड एकरंगीच वाटावं. त्याच काळात आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरचं पट्टेरी सुती कापड जपानात जाई. चेन्नईतल्या मैलापूरच्या साओ टोमे या पोर्तुगीज नावावरून तिथे त्याला ‘सांतोमे’ म्हणत. तेव्हा साध्या प्रसंगाच्या पोशाखाला बारीक पट्ट्यांचं सुती कापड खुशाल वापरा.

प्रयोग संपल्यावर हाकामा बोचक्यात कोंबू नये. चुण्या एकेक जुळवून सपाट घडी घालावी, बंद वरून आडवे गुंडाळावेत.

— एक वेशभूषाकार, गिरगाव, मुंबई