मुक्ताला, फिल्डवर जाण्याआधी

पुणे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू चॅनेलची रिपोर्टर म्हणून फिल्डवर जाणार, तेही ऐन पावसाळ्यात. म्हणजे पहिली मोठी बातमी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याची, विसर्गाचीच असणार. नवे रिपोर्टर तिथेच हमखास चुकतात, म्हणून आधी तेच लिहिते.

क्युसेक हा पाणी वाहण्याचा दर: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर. टीएमसी हा साठा: एक अब्ज घनफूट. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं मिळून साधारण 29 टीएमसी पाणी मावतं. घाईत ‘35 टीएमसी विसर्ग’ तोंडून गेलं, तर चारही धरणं रिकामी करूनही पुरणार नाही एवढं पाणी तू मुठेत सोडलंस! 35 हजार क्युसेक अख्खे 24 तास चालू राहिला, तरी तीन टीएमसीच होतात. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आकडा जलसंपदा विभागाकडूनच घ्यायचा आणि वेळेसकट सांगायचा: ‘दुपारी 2 वाजता इतके क्युसेक’. विसर्ग तासातासाला बदलतो, पण सकाळचा आकडा संध्याकाळपर्यंत टिकरवर, म्हणजे स्क्रीनखालच्या सरकत्या पट्टीवर, फिरत राहतो. बदल कळला की डेस्कला फोन करून जुना काढायला लाव. नदीकाठच्या एकतानगरीतला माणूस तुझं ऐकून ठरवणार आहे, पार्किंगमधली गाडी आत्ता काढायची की सकाळी. आणि ‘फुटलं’, ‘तडा गेला’ हे शब्द अधिकाऱ्याच्या तोंडून कॅमेऱ्यावर आल्याशिवाय उच्चारू नकोस. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलेलं या शहराने पाहिलंय.

मुठेवरचा भिडे पूल बुडाला की पाण्यात उतरून पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघून बोलणं) करायची नाही, डेस्कने कितीही आग्रह धरला तरी. काठावर उंचावर उभी राहा, पुलाचे कठडे फ्रेममध्ये घे. पाणी कुठवर आलंय ते त्यावरूनच कळतं. मागच्या वर्षीचं फुटेज वापरलं, तर स्क्रीनवर ‘फाइल’ लिहायला सांग.

आता लाइव्हचं. बॅकपॅकमधून, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून लाइव्ह पाठवणाऱ्या पाठीवरच्या यंत्रातून, चित्र स्टुडिओत पोचायला एक-दोन सेकंद, कधी जास्तही लागतात. अँकरचा प्रश्न पूर्ण संपू दे, मगच बोल. मध्येच सुरू केलंस तर दोघींचे आवाज एकमेकांवर चढतात. कानात स्वतःचाच आवाज उशिरा येत असेल तर जीभ अडखळणारच. लाइव्हला जाण्याआधीच पीसीआरला (स्टुडिओच्या कंट्रोल रूमला) सांग, ‘रिटर्नमधून, म्हणजे माझ्या कानात येणाऱ्या आवाजातून, माझा आवाज काढा.’

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर बॅकपॅकमध्ये कितीही सिमकार्डं असोत, उपयोग होत नाही. गर्दीतल्या सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर असतात. मानाचा गणपती अलका चौकात पोचण्याआधीच दोन मिनिटांचा वॉकथ्रू (चालत चालत दाखवलेला वृत्तांत) रेकॉर्ड करून गर्दीबाहेरून पाठवून दे. लाइव्ह तुटलं तर डेस्कच्या हातात काहीतरी राहतं.

बाइट, म्हणजे कुणाची प्रतिक्रिया, घेताना आधी नाव आणि हुद्दा कॅमेऱ्यावरच विचार, म्हणजे खालच्या पट्टीत चूक होत नाही. बूम (माइक) तोंडापासून वीतभर लांब धर, आणि कॅमेरामनने हेडफोन लावलाय ना, ते बघ. चित्र हललं तर चालवून घेता येतं, आवाज गेला तर बाइटच गेला. प्रत्येक शॉट निदान 10 सेकंद धरायला सांग. तीन-चार सेकंदांच्या तुकड्यांवर एडिटरला व्हॉइसओव्हर पसरता येत नाही.

एका बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नकोस. प्रकरणात अल्पवयीन मूल असेल, पीडित असो की आरोपी, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे त्याची ओळख दाखवता येत नाही. नुसता चेहरा ब्लर करून भागत नाही. सोसायटीचं गेट, शाळेचा गणवेश, आईवडिलांचं नाव, गाडीचा नंबर यातलं काहीही दिसलं की शेजारी ओळखतातच. ते शूटच करू नकोस. केलेलं फुटेज कधी ना कधी कुणीतरी वापरतं.

बूमचं जादा फोम कव्हर तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलंय. भिजलेल्या फोममधून आवाज दबून येतो, पावसात दर तासाला बदलत जा.

तुझी,
आई