जीर्णोद्धारात हरवणारे सागवान

महोदय,

गेल्या वर्षी मुलाकडे पोलंडमधील क्राकोव येथे मुक्काम असताना मावोपोल्स्का प्रांतातील लाकडी वास्तूंचा पर्यटनमार्ग काही अंशी पाहता आला. सुमारे १,५०० किलोमीटरच्या या मार्गावर अडीचशेच्या आसपास जुन्या लाकडी वास्तू असून त्यांत खेड्यापाड्यांतील चर्चच अधिक आहेत. दक्षिण पोलंडमधील सहा लाकडी चर्चचा समावेश युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत केला. त्यांपैकी देंब्नो, सेंकोवा, बिनारोवा आणि लिप्निका मुरोवाना येथील चार या मार्गावर आहेत.

देंब्नोचे चर्च पंधराव्या शतकाच्या अखेरचे. ओंडके आडवे रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून ते एकमेकांत अडकवलेले आहेत आणि छत व भिंतींवर साचे ठेवून रंगवलेली नक्षी आजही टिकून आहे. सेंकोव्याच्या चर्चचे लाकूड पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खंदकांसाठी आणि जळणासाठी काढून नेले होते, तरीही गावाने ते पुन्हा उभे केले. त्याच्या उतरत्या छपराखालची, भोवतालून फिरणारी पडवी पाहून मला आपल्याकडच्या देवळांच्या ओसरीची आठवण झाली. मात्र मला खरे कौतुक वाटले ते उघड्या दारांचे. उन्हाळ्यात यांतील अनेक चर्च ठरलेल्या दिवशी व वेळी पाहुण्यांसाठी खुली असतात आणि आत माहिती सांगणारा माणूस असतो. आपल्याकडे किल्ली पुजाऱ्याकडे आणि पुजारी शेतात, अशी गत असते.

नागपूर परिसरातील गावोगावच्या विठ्ठल-मारुतीच्या देवळांना सागवानी खांबांचे, कवेलूच्या छपराचे सभामंडप होते. माझ्या आजोळच्या गावातील असा मंडप काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धाराच्या नावाखाली उतरवण्यात आला. दगडी तळखड्यावरचे कोरीव खांब जुने लाकूड घेणाऱ्याने ट्रॅक्टरमधून नेले आणि त्या जागी स्लॅब व चकचकीत फरशी आली. उधई लागली होती, असे कारण सांगण्यात आले. ती एका तुळईला लागली होती. नागपूरच्या महाल भागातील वाड्यांचीही हीच कथा आहे, फक्त तेथे वाटण्यांचे भांडण जोडीला असते. विदर्भाचे सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांना आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनाला गेले याचा आपण अभिमान बाळगतो, आणि गावातले शंभर वर्षांचे सागवान मात्र वजनावर विकतो.

सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू व लाकडाची असूनही जपली गेली आहे, तेव्हा हे काम आपल्याला जमत नाही असे म्हणता येणार नाही. पर्यटन विभागाने आणि जिल्हा परिषदेने नागपूर, वर्धा व भंडारा जिल्ह्यांतील उरलेल्या लाकडी सभामंडपांची व वाड्यांची यादी करावी, जीर्णोद्धाराच्या निधीतून आधी खांब-तुळयांची दुरुस्ती करण्याची अट घालावी आणि निदान दहा ठिकाणांचा एक मार्ग आखून दारे उघडण्याच्या वेळा तेथे पाटीवर लिहाव्यात. सुतारकामासाठी जुनी जोडणी जाणणारे कारागीर अजून मिळतात. त्यांची नावेही त्याच यादीत घ्यावीत.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर