सायकलवाल्याच्या घोट्याला रेडियम बांधा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमेची बातमी फोटोसह आली. काम चांगलं आहे आणि दर हंगामाला व्हायलाच हवं. पण त्या फोटोत ट्रॉलीच्या कडेला एक माणूस सायकल हातात धरून उभा आहे. अंगात काळं जर्किन, कॅरिअरला जेवणाचा डबा, मागचं मडगार्ड मोकळं. ट्रॉलीला लाल पट्टी चिकटवणाऱ्यांपैकी कुणाचंही त्याच्याकडे लक्ष गेलेलं दिसत नाही. मला त्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

मी एसटीत चालक होतो. तासगाव, पलूस, भिलवडी, विटा या पट्ट्यात नोकरीचा बहुतेक काळ गेला, त्यातही बराचसा शेवटच्या फेऱ्यांवर आणि मुक्कामी गाड्यांवर. निवृत्त झाल्यापासून पलूसला असतो आणि शेताकडे सायकलनेच जातो-येतो. त्यामुळे केबिनमधून सायकल कशी दिसते ते मला ठाऊक आहे आणि सायकलवरून गाडी कशी दिसते तेही. या दोन्हींत फार अंतर आहे. आमच्या भागात अंधारात सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना ते अंतर कुणी कधी सांगितलेलंच नाही.

सायकलवाल्याला मागून येणारी गाडी लांबूनच कळते. रस्ता उजळतो, आपली सावली पुढे पडते, आवाज येतो. त्याला वाटतं, एवढ्या उजेडात ड्रायव्हरला मी दिसतच असणार. पण डिपरवर असलेल्या दिव्याचा उजेड खाली आणि जवळ पडतो. काळी पँट, गडद स्वेटर, वॉचमनचा खाकी युनिफॉर्म हा सगळा उजेड पिऊन टाकतो. असा माणूस मला पंचवीस-तीस मीटरवर आल्याशिवाय दिसत नसे, आणि माझी नजर चांगली होती. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात दीड सेकंद जातो. म्हणजे २५ मीटर तिथेच संपले. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर, आणि भरलेली बस कोरड्या डांबरावरही आणखी तेवढंच अंतर खाते. सायकलवाला तीस मीटरवर दिसला आणि गाडी थांबायला पन्नास मीटर लागले, तर ड्रायव्हर कितीही सावध असो, त्याच्या हातात फक्त स्टिअरिंग उरतं. उजवीकडे समोरून ट्रॅक्टर येत असेल तर तेही नाही.

त्यात समोरच्याने अपर, म्हणजे दिव्याचा लांब-उंच झोत, ठेवला असेल तर विचारायलाच नको. हल्ली मोटारसायकलींना नंतर बसवलेले पांढरे एलईडी दिवे सरळ डोळ्यांत येतात. ती गाडी बाजूने निघून गेली तरी पुढचे काही सेकंद डोळ्यांपुढे नुसता काळोख असतो, आणि वय वाढेल तसे हे सेकंद वाढत जातात. आपला डाव्या कडेचा सायकलवाला नेमका त्याच काळोखात असतो. आमच्याकडच्या साईडपट्ट्या इतक्या खचलेल्या आहेत की त्याने डांबर सोडून खाली उतरावं असं म्हणण्याचीही सोय नाही.

एका रात्रीबद्दल सांगतो. पलूस-तासगाव रस्त्यावर शेवटची फेरी होती, डिसेंबरचे दिवस, समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता आणि त्याचा एकच दिवा चालू होता. तो दिवा पार होण्याच्या आधी मला डावीकडे, रस्त्यापासून हातभर उंचीवर, दोन पिवळे ठिपके दिसले. एक वर जात होता, एक खाली. माणूस दिसला नव्हता, सायकल दिसली नव्हती, पण ठिपक्यांच्या त्या हालचालीवरून मला लगेच कळलं की कुणीतरी पॅडल मारतंय. गाडी हळू केली. जवळ गेल्यावर दिसलं की त्याच्या कॅरिअरवर वैरणीचा एवढा मोठा भारा होता की मागचा लाल रिफ्लेक्टर पूर्ण झाकला गेला होता. नव्या सायकलीच्या पॅडलला कंपनीकडून येतात तेवढे चार पिवळे तुकडे नसते, तर मला त्या रात्री काहीच दिसलं नसतं.

तेव्हापासून मी प्रत्येक सायकलच्या पॅडलकडे बघतो. बहुतेकांचे ते तुकडे पडलेले असतात, पॅडल बदलताना दुकानदाराने साधं रबरी पॅडल बसवलेलं असतं, किंवा चिखलाचा थर चढलेला असतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण ती शोभेची वस्तू आहे असाच सगळ्यांचा समज आहे.

मला त्या रात्री जे जाणवलं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या संशोधकांनी रीतसर तपासलं आहे. नातीने मला ते वाचून, समजावून सांगितलं. बंद रस्त्यावर रात्री ड्रायव्हरांना गाडी चालवायला दिली आणि वेगवेगळ्या कपड्यांतला सायकलस्वार ओळखू येतो का ते पाहिलं. काळ्या कपड्यांतला शंभरात दोन वेळा ओळखला गेला. भडक फ्लुरोसंट जाकिटातला पंधरा वेळा. चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला पन्नास वेळा. आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या तेव्हा नव्वद वेळा. जाकिटावरची पट्टी एका जागी स्थिर असते, ती मैलाचा दगड असू शकते, फाटक असू शकतं. पाय मात्र वर-खाली होतात, आणि अशी हालचाल माणसाचीच असते हे बघणाऱ्याला विचार न करता समजतं.

त्या भडक पोपटी रंगाबद्दल आमच्याकडे मोठा गैरसमज आहे. हा रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो, कारण त्याला उन्हातले, आभाळातले अतिनील किरण मिळतात. गाडीच्या दिव्यात ते नसल्यासारखेच, त्यामुळे रात्री तो रंग विझतो. कामगारांना नुसती पोपटी जाकिटं वाटून सुरक्षा झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रात्री रस्त्यावर उभं राहून पाहावं. रात्री उपयोगाची असते ती त्यावरची चंदेरी पट्टी. तिच्यावर पडलेला उजेड इकडे-तिकडे न पसरता आला तिकडेच परत जातो, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे.

यालाच आपण सगळे रेडियम म्हणतो. नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे, ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. पण सगळंच रेडियम सारखं नसतं. पुष्कळसं नुसतं रंगीत स्टिकर असतं. पारख सोपी आहे. अंधारात पट्टी भिंतीला लावा, वीस-पंचवीस पावलं मागे जा, टॉर्च डोळ्याच्या शेजारी, कानशिलाला लावून धरा आणि पेटवा. पट्टी झगझगली तर घ्या. टॉर्च कमरेपाशी धरली तर चांगली पट्टीही मंद दिसेल, म्हणून ती डोळ्याजवळच हवी. ड्रायव्हरचे डोळे आणि गाडीचे दिवे एकाच दिशेने येतात, तशी ही रचना आहे.

रिफ्लेक्टरचं बसवणंही महत्त्वाचं. मागचं मडगार्ड वाकून लाल रिफ्लेक्टर आभाळाकडे तोंड करून बसलेली सायकल मी रोज बघतो. तो रस्त्याला सरळ उभा हवा आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसलेला हवा. केंद्र सरकारने २०२० साली सायकलींच्या रिफ्लेक्टरच्या गुणवत्तेसाठी आदेश काढला, पण तो नव्या सायकलींच्या कारखानदारांसाठी. आमच्या रस्त्यांवर धावतात त्या सायकली बापाकडून मुलाकडे आलेल्या आहेत. दूध घालायला जाणाऱ्यांच्या सायकलींना दोन्ही बाजूंनी किटल्या लोंबतात, मागून पाहिलं तर चाकसुद्धा दिसत नाही. त्यांनी किटलीलाच मागच्या अंगाने लाल पट्टी चिकटवावी. भारा नेणाऱ्यांनी दिवा कॅरिअरखाली, चाकाच्या उजव्या बाजूच्या दांडीवर खाली बसवावा. हिवाळ्यात पहाटे कृष्णाकाठच्या गावांत धुकं उतरतं तेव्हा रिफ्लेक्टरही कमी पडतो, कारण गाडीचा उजेडच त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. तिथे स्वतः पेटणारा लाल दिवा लागतो. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा असा दिवा आता शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरं, पण ड्रायव्हर म्हणून मला त्याच्यावरून अंतराचा अंदाज बांधणं नेहमी अवघड गेलं. माझं मत विचाराल तर मागचा दिवा स्थिर ठेवावा.

माझ्या लहानपणी दिवा नसलेली सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडत असे. रॉकेलचे दिवे होते, मग डायनॅमो आला. सहा व्होल्टचा, तीन वॉटचा तो डायनॅमो टायरला टेकवला की पॅडल जड व्हायचं आणि सायकल थांबली की दिवाही जायचा, तरी लोक तो लावत, कारण दंडाची भीती होती. सायकलीच्या करापोटी मिळणारे बिल्ले गेले, दंड गेला आणि दिवाही गेला. गरीब माणसाच्या चाकातली हवा सोडण्याचे दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. रात्रपाळीला सायकलने जाणारा माणूस हौसेने जात नाही. त्याला दंड करण्यापेक्षा त्याला पट्टी द्यावी.

ती द्यायची कुणी, तर अंधारात त्याला रस्त्यावर आणणाऱ्यांनी. आमच्या पलूसजवळची किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली, हे आमच्या भागात पोराटोरांना माहीत आहे. त्याच भागातले कामगार आज पाळी सुटल्यावर बिनदिव्याच्या सायकलींवर घरी जातात. कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या ठेकेदाराने गेटवर हेल्मेट आणि बूट तपासावेत, तशाच घोट्याच्या दोन पट्ट्या प्रत्येक सायकलवाल्याला द्याव्यात. वेल्क्रोच्या चंदेरी पट्ट्या फार महाग नसतात. साखर कारखान्यांनी ट्रॉल्यांसाठी आणलेल्या रेडियमच्या गुंडाळीतून वीतभर तुकडा कापून आवारात उभ्या असलेल्या सायकलींच्या मडगार्डला लावावा. एका दुपारचं काम आहे.

शाळांना माझी जास्त कळकळीची विनंती आहे. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दहावीचे जादा तास संपून मुली निघतात तेव्हा अंधार पडलेला असतो. गडद निळा गणवेश, त्यावर काळं स्वेटर, पाठीवर काळं दप्तर. तीन-तीन जणी शेजारी-शेजारी गप्पा मारत जातात. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला त्या किती दिसतात ते मी सांगायला नको. दप्तराच्या मागे आडवी पट्टी आणि दोन्ही घोट्यांना पट्ट्या, एवढं शाळेने सक्तीचं करावं आणि गणवेशासारखं पुरवावं. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल घ्यायला रक्कम मिळते. योजना फार मोलाची आहे. त्या रकमेत मागच्या दिव्याचे पैसे धरले जावेत आणि दिवा घेतल्याची पावती सायकलच्या पावतीबरोबर मागितली जावी, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

आणि एक गोष्ट मुलांना कुणीतरी खडसावून सांगा. घर उजवीकडे आहे म्हणून अंधारात उलट्या बाजूने सायकल घालू नका. मागचा रिफ्लेक्टर, मागचा दिवा दोन्ही तिथे निरुपयोगी, आणि समोरच्या गाडीचा वेग अधिक आपला वेग अशा बेरजेने दोघं एकमेकांवर येतात.

माझ्या चालक बांधवांनाही सांगायचं आहे. वरचं सगळं सायकलवाल्याने केलं तरी तुम्ही अपरवर गाडी रेटलीत, काच धुळीने माखलेली ठेवलीत, तर त्याचा उपयोग नाही. समोरून गाडी आली की डिपर, आणि समोरच्याच्या दिव्यापलीकडे काही दिसत नसेल तर वेग कमी. काळोखात रस्ता रिकामा आहे असं समजून पुढे जायचं नाही, तिथे कुणीतरी आहे असंच धरून चालायचं. मुक्कामी गाडीवर मला जुन्या चालकांनी हेच शिकवलं होतं.

पलूस, तासगाव परिसरातल्या कुठल्याही शाळेने बोलावलं तर मी संध्याकाळी येईन. एका मुलाला काळ्या स्वेटरमध्ये आणि एकाला घोट्याच्या पट्ट्या बांधून मैदानाच्या टोकाला सायकलवर फिरवू, आणि बाकीच्यांना मोटारसायकलच्या डिपरमागे उभं करून दाखवू. पट्ट्या मी आणतो. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, शाळांनी तिथून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
पलूस, जि. सांगली